फडकं नसलेली ओळ

म्हैसने सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलते आहे असं कुणी समजू नये, ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मले भेव लागते" हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. कुलूप लावताना, बी मोजताना, आभाळ भरून आलं की, आणि आभाळ मोकळं असलं तरी. अकोल्याच्या आमच्या संशोधन शेतावर नवा माणूस आला की जुने लोक त्याला आधी विहीर दाखवत, मग पंपघर आणि मग सरांची भीती.

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. परवा अमरावतीहून एसटीनं येत होते. मूर्तिजापूर मागं टाकलं आणि खिडकीतून एका वावरात बायका दिसल्या. गुडघ्याच्या वर आलेली तूर होती आणि त्या ओळीओळीनं शेंडे खुडत चालल्या होत्या. आमच्या वऱ्हाडात हे दर पावसाळ्यात दिसतं. पेरणीला दीडेक महिना झाला की तुरीचा शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि शेंगा जास्त धरतात. पाहून माणसाला बरं वाटावं असं ते दृश्य. मी मात्र खिडकीतून तोंड फिरवलं. शेजारची बाई म्हणाली, "काहून वं, मळमळते काय?"

मी सरांकडे पीएच.डी.ला आले त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी बियाण्याच्या खोलीला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेले, परत आले, पुन्हा ओढलं आणि मला म्हणाले, "तू पाह्यलं ना? लागलं ना?" मी म्हटलं, लागलं सर. तरी जिना उतरल्यावर मला वर पाठवलंच. पुढं मीही तसंच करायला लागले, आणि घरी आई म्हणायची, हे कोणाचं घेऊन आलीस?

त्यांच्याकडे प्रत्येक बियाण्याच्या तीन पुड्या असत. एक कपाटात, एक घरी गव्हाच्या कोठीत, तिसरी अकोटला बहिणीकडे. बहिणीनं एकदा चुकून तिसरी पुडी वरणात घातली. सरांना कळलं तेव्हा ते जेवत होते, आणि ताटात तेच वरण होतं. त्यांनी घास खाली ठेवला म्हणे आणि वरणातले अख्खे दाणे वेचायला घेतले. शिजलेलं बी उगवत नाही हे या माणसानं आयुष्यभर शिकवलेलं. बहीण हे हसत सांगायची. सर तिथंच बसलेले असायचे आणि म्हणायचे, "हास तू. मले तवा घाम फुटला होता."

पण या भीतीनं त्यांना शहाणंही केलं होतं, हे सांगायला हवं. एकदा अकोटकडचा एक शेतकरी ओल्या पोत्यात गुंडाळून कपाशीची चार झाडं घेऊन आला. पानं आक्रसून बोटांसारखी लांबोडकी झालेली. माणूस पार हबकला होता. नवा रोग आला, सगळ्या गावाची पऱ्हाटी जाईल, असं त्याला वाटत होतं. आम्ही सगळे भिंगं घेऊन वाकलो. सरांनी झाडाला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "फवारणीचा पंप कोणाचा होता?"

"शेजाऱ्याचा आणला होता साहेब. का बरं?"

"त्यानं त्यात आधी तणाचं औषध भरलं असंल. रोग नाही हा."

काही तणनाशकं झाडाच्या स्वतःच्या संप्रेरकाची नक्कल करतात. कपाशीला त्याचा थेंब पुरतो. न धुतलेल्या पंपातनं तो थेंब आला होता. शेतकरी सुटल्यासारखा हसत गेला. भीती मात्र सरांकडे राहिली. आपलं चुकलं असेल तर? दुसऱ्या दिवशी ते एसटीनं त्याच्या गावी गेले, शेजाऱ्याचा पंप हुंगून आले, आणि मगच जेवले. आल्यावर त्यांनी आमच्या तणनाशकाच्या पंपाला लाल रंग दिला. दोन हात दिले, एक हात पुसला जाईल म्हणून.

सरांचा सगळा जन्म शेंड्यात गेला. शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ऑक्सिन. ते देठातून खाली वाहतं. कसं वाहतं, तर प्रत्येक पेशीच्या खालच्या अंगाला बारीक दारं असतात आणि ती दारं बांधायचा हुकूम जनुकांत लिहिलेला असतो. हा प्रवाह चालू आहे तोवर पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे फांद्यांचे बारीक कोंब, झोपून राहतात. शेंडा खुडला की प्रवाह थांबतो आणि डोळे जागे होतात. आमच्या बायका बोटांनी करतात ते एवढंच.

मला हे नीट कळलं ते अकोटच्या स्टॅण्डवर. गाडीची वाट पाहत होतो. फाटकातून एसट्या एकामागं एक बाहेर पडत होत्या आणि बाजूच्या गल्लीतला एक मालवाहू ऑटो कधीचा नाक काढून उभा होता. सर म्हणाले, "पाहून घे. रस्ता भरून वाहते तोवर गल्लीतला बाहेर निघत नाही. तो डोळा आहे. त्याच्यात काही कमी नाही, त्याले फक्त जागा नाही." मग एसट्या थांबल्या, ऑटो निघाला, आणि सर घाबरून ओरडले, कारण त्याच्या मागच्या चाकाखाली आमची बियाण्याची पिशवी जाता जाता वाचली होती.

बारा वर्षं ते एकच गोष्ट शोधत होते. न खुडता आपोआप पसरणारी तूर. ज्या झाडात ती दारं बांधणारं जनुक थोडं बदललेलं असेल, प्रवाह ढिला असेल, त्याचे डोळे शेंडा जागेवर असतानाही फुटतील, असा त्यांचा अंदाज होता. हजारो झाडांतून त्यांना असं जनुक बदललेलं एक झाड सापडलं. त्याचं बी वाढवलं, आणि निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या खरिपात त्याची एक ओळ शेताच्या कडेला पेरली. चोवीस झाडं. शेजारी ताडून पाहायला साधी तूर. ही ओळ खरी निघते की नाही, एवढाच आता प्रश्न होता. ती खोटी निघाली तर दुसरं झाड शोधायला सरांकडे वेळ नव्हता.

शेतावर खुडणीला रोजंदारीच्या बायका येत. कोणत्या ओळी खुडायच्या नाहीत त्यांना लाल फडकी बांधायची पद्धत होती. साध्या तुरीच्या ओळींना मी फडकी बांधली आणि कडेच्या ओळीकडं वळले, तर सरांनी हात धरला.

"तिथं नको."

"का सर?"

"फडकं दिसलं की लोकं पाहायले येतात. काय आहे, काय आहे, म्हणून हात लावतात. मले भेव लागते. तिथं काहीच नाही असं दिसू दे."

मी बांधलं नाही. त्या वेळी मला ते हुशारीचं वाटलं होतं.

वेणूबाई आमच्याकडे वीस वर्षं होत्या. माळ्याच्या घरच्या. लहानपणापासून वांगी-मिरचीत वाढलेल्या. त्यांची बोटं इतकी वेगानं चालत की शेंडा कधी गेला ते झाडालाही कळू नये. सरांना त्या 'भेकड साहेब' म्हणत, पण माघारी, आणि मायेनं. सर त्यांना 'बाई' म्हणत आणि त्यांच्या हातांकडे जरा धास्तीनंच पाहत.

ऑक्टोबरात कडेची ओळ अशी काही पसरली होती की येणारा जाणारा थांबायचा. फांद्या मोजायचं काम माझं होतं. मी वाकून, खालून वर, एकेक फांदी मोजली होती. साध्या तुरीच्या जवळजवळ दुप्पट. सर ओळीत शिरत नसत, मुळं तुडवली जातील म्हणून. ते बांधावर उभे राहत आणि मी आकडा ओरडून सांगायचे. आकडा ऐकून आनंद व्हायच्याऐवजी त्यांचा चेहरा उतरायचा. "इतकं चांगलं काहून येऊन राह्यलं?" ते म्हणायचे. मी हसायचे.

बाहेरून तीन जणांची समिती ओळ पाहायला यायची होती. तिच्या आदल्या सकाळी सर मजुरांना सांगत होते की उद्या कुणी कडेला जायचं नाही. सांगता सांगता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ह्या झाडाले कोणी हात लावला नाही, तरी पाहा कशी फुटली."

वेणूबाईंच्या हातातली बादली खाली आली. सर गेल्यावर त्यांनी मला पंपघराच्या मागं बोलावलं.

"ताई, म्या खुडली ते."

"काय खुडलं?"

"कडंची. साहेब अमरावतीले मीटिंगले गेले होते त्या रोजी. फडकं नव्हतं त्याले. म्हटलं, फडकं नाही म्हणजे खुडायची. वाढून चालली होती बिचारी, कोणी पाहून नाही राह्यलं." त्यांनी माझा दंड पकडला. "मले काढतील काय ताई? वीस वर्षं झाले."

"सगळी खुडली?"

"आठवत नाही वं माय. हात चालत गेला. मंग नातवाचा फोन आला, तवा सोडलं."

मला आधी भीती वाटली ती सरांची नाही, माझी. चोवीस झाडांच्या फांद्या मी मोजल्या होत्या आणि एकाही झाडाचा शेंडा नीट पाहिला नव्हता. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, एवढंच कारण. दोन-चार ठिकाणी शेंडा तुटका वाटला तेव्हा मी वहीत 'कीड' लिहून मोकळी झाले होते. मी सरांना सांगायला निघाले आणि मध्ये दोनदा थांबले. सांगू नये, असंही एकदा मनात आलं. समिती उद्या येईल, पाहील, जाईल. वर कोण बघतंय?

सरांनी ऐकून घेतलं. स्टूल मागवलं आणि पहिल्यांदा ते ओळीत शिरले. मी स्टूल धरून उभी. ते एकेका झाडाचा माथा भिंगानं पाहत होते. बऱ्याच झाडांच्या माथ्यावर एक जुनी, वाळलेली गाठ होती. कीड की बोटं, सांगता येईना. काही झाडांवर दाट पाल्यात काहीच दिसेना. दुपारभर आम्ही ती चोवीस झाडं पाहिली आणि शेवटी आधीपेक्षा कमी कळलं.

"वेणूबाईंना काय सांगू?" मी विचारलं.

"काही सांगू नको. त्याहीले भेव लागत असंल."

दुसऱ्या दिवशी समिती आली. मांडवात खुर्च्या, पाणी, बिस्किटं. वेणूबाई पाण्याचा जग घेऊन मागं उभ्या होत्या. सरांनी कागद हातात घेतले, ठेवले, पुन्हा घेतले. कुणी काही विचारायच्या आत ते उभे राहिले.

"कडेच्या ओळीचे आकडे धरू नका. तिचे शेंडे खुडले गेले आहेत. किती, ते सांगता येत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कोणी खुडले?"

मी वेणूबाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

"मी," सर म्हणाले.

समितीतले एकजण सरांच्या वर्गातले होते. त्यांना हसू आलं. "म्हैसने, तू? अरे, कॉलेजात तुले गुलाबाचं पान तोडाले सांगितलं तर रजा टाकली होती तू. जन्मात शेंडा खुडला काय कधी?"

बाकीचेही हसले. सर हसले नाहीत. "मीच," ते म्हणाले, आणि हाताची घडी घातली. अध्यक्षांनी विचारलं, मग आता? सर म्हणाले, या झाडांचं बी धरतो, पुढच्या खरिपात पेरून पाहता येईल. खुडलेलं बियाण्यात उतरत नाही. फांद्या जनुकाच्या असतील तर लेकरांतही येतील, बोटांच्या असतील तर येणार नाहीत. "पाहू पुढं," अध्यक्ष म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ काम बंद.

सगळे गेल्यावर सर पंपघरात हात धूत उभे होते. बराच वेळ धूत होते.

"संध्या, खोटं बोललो काय मी? फडकं तर मीच बांधू दिलं नाही."

"नाही सर. खोटं कसं?"

"पण बोटं माझी नव्हती." त्यांनी नळ बंद केला, पुन्हा सोडला. "वहीत काय लिहू? मले त्याचं भेव लागून राह्यलं."

वहीत त्यांनी काय लिहिलं मी कधी पाहिलं नाही. वेणूबाईंना कुणी काढलं नाही. पण त्यांनी तुरीकडं जाणंच सोडलं. त्या मिरचीत काम करत आणि कडेच्या बाजूला तोंडही करत नसत.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि अकोटला राहायला गेले. पावसाळ्यात नव्या विभागप्रमुखांना विनवून मी ते बी तारेच्या कुंपणात पेरलं. बावीस झाडं उगवली. या वेळी प्रत्येकाला लाल फडकं होतं. सर दर गुरुवारी एसटीनं येत, आणि कुंपणाच्या बाहेर उभे राहत. आत या म्हटलं तर नाही. "आत आलो न् काही झालं, तर लोकं म्हणतील पुन्हा यानंच केलं." मी आतून पान, उंची, खोडाची जाडी सांगायचे. फांद्यांचं ते विचारत नसत. मीही सांगत नसे. महिना झाला, सव्वा महिना झाला. साध्या तुरीला खुडायची वेळ आली की या झाडांचं खरं-खोटं दिसायला लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. फोनवर सरांचं नाव दिसलं की मी तो थोडा वाजू द्यायचे, मगच उचलायचे.

सर मला शेवटचे दिसले ते पेरणीच्या पन्नासाव्या दिवशी. त्यानंतर थंडीत ते गेले, आणि मी तेव्हा परीक्षेसाठी परभणीला होते.

त्या गुरुवारी ऊन होतं. वेणूबाईंना मी बळंच बरोबर आणलं होतं. त्या माझ्या मागं, पदरात दोन्ही हात गुंडाळून. सर कुंपणाची तार धरून उभे. मी पहिल्या झाडापासून सुरुवात केली. या वेळी आधी शेंडा पाहिला, बोट न लावता. जागेवर होता. मग बगला पाहिल्या. दुसरं झाड. तिसरं. बावीसच्या बावीस शेंडे शाबूत, आणि बावीसच्या बावीस झाडं शेजारच्या साध्या तुरीसारखी सरळसोट वर गेलेली. तसूभर फरक नाही. डोळे होते ते झोपलेले.

जनुक बदललेलं होतं हे खरं. पण झाडात ऑक्सिनचे असे रस्ते किती, आणि एक ढिला पडला की दुसरा कसा भरून काढतो, ते आम्हाला कळलेलं नव्हतं. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मला फक्त मागं वळून सरांकडं पाहायचं होतं आणि तेवढंच जमत नव्हतं.

तार करकरली. सर फाटकातून आत येत होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला होता, आकड्याची गरज उरली नव्हती. पहिल्या झाडापाशी उभे राहून त्यांनी ते मुळापासून माथ्यापर्यंत पाहिलं. मग गाठ सोडून त्याचं लाल फडकं काढलं.

"बाई," ते वेणूबाईंना म्हणाले, "आता खुडा. उशीर झाला, पण धरतील शेंगा."

वेणूबाई दोन पावलं मागं सरल्या. "नाही साहेब. मी नाही हात लावत याले. पाया पडते."

"काही होत नाही आता."

"मले भेव लागते साहेब," वेणूबाई म्हणाल्या. हात पदरातच होते.

सरांनी सदऱ्याची बाही वर केली.

"मंग मले शिकवा," ते म्हणाले.

वेणूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं. हळूच एक हात बाहेर काढला आणि लांबूनच, हवेत, बोटांनी करून दाखवलं. "असं. नखानं नाही, चिमटीत धरा. कोवळं असंल तिथंच तुटते. ओढू नका."

सरांनी शेंडा चिमटीत धरला. डोळे गच्च मिटले. बारीकसा टच आवाज झाला, आणि त्यांनी डोळे उघडून आधी वेणूबाईंकडं पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

सर दुसऱ्या झाडाकडं वळले. त्याच्या फडक्याची गाठ सोडायला लागले.